दोन, सहा, चार, पाच

१

मधी कुणी 'मग?' म्हणायचं न्हाय, मी सांगतेच हाय. बी चोरीला गेलं होतं. निरवांगीत, तात्यांच्या घरातनं, कुलूपबंद खोलीतनं, भर दुपारी! आन् आळ कुणावर? माझ्या सख्ख्या भावावर. दिग्विजयदादावर!

थांबा, नीट सांगते. तात्या म्हणजे माझ्या चंद्राबाई आत्याचे मालक. नाव महिपती, पण अख्खं गाव तात्या म्हणतं म्हणून आमीबी तात्याच म्हणतो. त्यांच्या रानात जे खरबूज येतं तसं बाजारात मिळत न्हाय. घरात एक कापलं तर वास पार रस्त्यापर्यंत. निवडून निवडून त्यांनी तो वाण तयार केला, आन् त्याचं बी कुणाला म्हणून दिलं न्हाय. पाहुण्याला खरबूज द्यायचं तरी घरीच कापायचं, बिया खरवडून काढायच्या आन् नुसत्या फोडी डब्यात घालून द्यायच्या. देवाच्या नैवेद्यालासुद्धा तसंच!

त्या बियासाठी घराच्या मागल्या अंगाला वेगळी खोली हाय. दिवाळीनंतर तिला आकड्यांचं कुलूप बसवलं. सहा आकडे दाबायचे. दाबलेला आकडा, चुकलेला असला तरी, तात्यांच्या फोनवर येतो, आन् चौथ्यांदा चुकलं की भोंगा वाजतो.

झालं काय, शेजारच्या हिंदुरावांच्या स्वरूपाची हळद होती. सगळं घर तिकडं, लग्नासाठी आत्याकडं आलेला दादाबी. हलगी, वर डीजे, कशाचा फोन ऐकू येतोय! हळद उरकल्यावर तात्यांनी फोन बघितला आन् पळतच खोलीकडं गेले. दार नुसतं लोटलेलं. डबा हाय, झाकण हाय, बी न्हाय.

लग्नघरात तमाशा नको म्हणून तात्या लग्न लागंपर्यंत दात आवळून बसले. शनिवारी सकाळी आत्याचा मला बारामतीला होस्टेलवर फोन. रडतच.

"स्वराली, तात्यांनी दिग्याचं नाव घेतलंय गं! हळदीतनं उठून त्यो एकलाच घराकडं आला हुता, लोकांनी बघितलंय. आन् कशाला आला हुतास म्हणलं तर त्वांड उघडत न्हाय."

आता ह्यात दादाचं काय जात होतं ते ऐका. शेतकीची डिग्री झाल्यापासनं तो ज्या नोकरीच्या मागं होता ती त्याला लागली होती. बारामतीत एका नर्सरीत, नवीन वाण काढायच्या कामावर. सोमवारी हजर व्हायचं. आन् तात्यांनी उठून त्याच नर्सरीच्या साहेबांना फोन लावला, "माज्या चोरीचं बी तुमच्याकडंच यायचं हाय, चोर ठिवताय तुमी!" साहेब म्हणाले, सोमवारच्या आत मिटवा, न्हायतर पोराला पाठवूच नका.

मी फोन ठेवला. शेजारच्या कॉटवर प्रगती होती, तिला सगळं सांगितलं. माझी रूममेट, बीएस्सी गणित. ही पोरगी एसटीचं तिकीट हातात आलं की आधी त्याचा नंबर तीननं भागतोय का बघते, मग खिडकी शोधते.

"फोनवर चुकलेले आकडे आले असतील ना?" ती म्हणाली. "मागव."

आत्यानं फोटो पाठवला. तीन चुकलेले आकडे, एकाखाली एक. २८५७१४. ८५७१४२. ५७१४२८. आन् चौथ्यांदा दार उघडलं, ७१४२८५.

प्रगती कॉटवर उठून उभी राहिली. खरंच, उभी!

"स्वराली, हे साधे आकडे नाहीत. एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न घे. दोननं गुण."

मी फोनवर गुणलं. २८५७१४.

"सहानं गुण."

८५७१४२. अंगावर काटा आला गं माझ्या. चारनं गुणलं तर तिसरा, पाचनं गुणलं तर कुलूप उघडणारा. तेच सहा आकडे, नुसते जागा बदलत फिरतायत.

"असं योगायोगानं होत नाही," प्रगती म्हणाली. "दार उघडणाऱ्याला हा आकडा ओळखीचा होता."

मला एकदम आनंद झाला. आन् लगेच तो विरलाबी. कारण आमच्या सगळ्या गोतावळ्यात असल्या आकड्यांचा नाद एकालाच हाय. दादाला.

२

स्कूटी काढली आन् सुटलो. पुढं उसाच्या ट्रॉल्या, एकामागं एक, आन् मी मागनं हॉर्न बडवतेय. प्रगती मागं बसून माझ्या पाठीवर बोटानं गुणाकार करत होती. मी म्हणलं, माझ्या पाठीचा फळा करू नको, बाई, आधीच जीव टांगणीला लागलाय.

तात्या ओसरीवर होते. प्रगतीकडं बघून म्हणाले, "ही कोण? वकील?"

"गणितवाली हाय, तात्या," मी म्हणलं.

"मंग बरं झालं. तुमीच सांगा दिग्याच्या बहिणीला, चोर कोण ते!"

प्रगतीनं शांतपणे विचारलं, "तात्या, हा आकडा तुम्हाला कुठं भेटला?"

काय विचारलं तिनं! तात्यांचा चेहराच बदलला. "आमच्या शाळंत गुरुजी हुते, त्येंनी दावलाता. आख्ख्या आयुष्यात तेवढं एकच गणित ध्यानात ऱ्हायलं बगा. अर्धा मोडा त्येला. एकशे बेचाळीस आन् आठशे सत्तावन्न. बेरीज?"

"नऊशे नव्व्याण्णव."

"सातानं गुणा."

"नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव," प्रगती म्हणाली. "आता मी एक सांगते, हे तुमच्या गुरुजींनी सांगितलं नसेल. त्या आकड्याला त्याच आकड्यानं गुणा. उत्तर येतं २०४०८१२२४४९. त्यातले शेवटचे सहा आकडे वेगळे काढा, सुरुवातीचे पाच वेगळे, आणि दोन्हींची बेरीज करा."

तात्यांनी फोन काढला. वीस हजार चारशे आठ, अधिक एक लाख बावीस हजार चारशे एकोणपन्नास. बरोबरचं बटण दाबलं आन् फोनकडं बघतच बसले.

"आयला! परत त्योच!"

"हितं बी गेलंय आन् तुमी बेरजा करताय!" आतनं आत्या ओरडली.

तात्या भानावर आले. परत कपाळाला आठ्या. "कुलपाला सातापास्नं सुरू केलं म्या. सात म्हंजी त्या आकड्याचा बाप हाय, एकाला सातानं भागलं की त्योच निघतोय, म्हणून. हिंदुरावच्या स्वरूपाचा साखरपुडा झाला न्हाय का, तवा जेवताना पंगतीत म्या कोडं घातलं. म्हणलं, माज्या कुलपाचा आकडा असला हाय की गुणत जावा, आकडं त्येच येत्यात. कोण वळखतंय? तर दिग्यानं घास न गिळताच सांगितला, एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न! म्या हसलो. म्हणलं, व्हय, पर सुरू कुठनं करायचं? त्ये काय म्या सांगितलं न्हाय."

"म्हणून तीनदा चुकला," तात्या उठले. "चौथ्याला गावलं. आता बोला. गणित तुमीच मांडलंय."

 आता काय बोलणार, सांगा!

३

आत्या आमाला खोलीत घेऊन गेली. फळीवर पत्र्याचा डबा. प्रगतीनं झाकण काढलं. बियाला कीड लागू नये म्हणून राख कालवून ठेवत्यात ना, ती राख होती. प्रगतीनं त्यात बोटं घातली आन् थांबली.

"इथं थोडं बी आहे."

खरंच होतं. मूठभर. एका कोपऱ्यात नीट गोळा केलेलं.

"गडबडीत ऱ्हायलं आसंल," आत्या म्हणाली. पण म्हणताना तिचा आवाज बारीक झाला, तो का ते मला तवा कळलं न्हाय.

"गडबडीत राहिलेलं बी राखेत विस्कटलेलं असतं, आत्या. हे कुणीतरी ठेवलंय."

 आत्यानं डब्याला नुसता हात लावला आन् बाहेर गेली.

दादा गोठ्यात होता. गाईला वैरण टाकत होता, म्हणजे टाकलेलीच परत टाकत होता. डोळे सुजलेले.

"दादा, हळदीतनं उठून कशाला आलतास?"

"फोन चार्जिंगला."

"खोटं बोलू नको. तुझा फोन तिथं मांडवातच होता, आत्यानं सांगितलं मला! फोटो काढत होती पोरं तुझ्या फोनवर."

त्यानं माझ्याकडं बघितलं न्हाय. "स्वरे, तू जा बारामतीला. नोकरीचं मी बघतो."

"काय बघतो? सोमवारी काय बघणार हायेस?"

"दुसरी मिळंल."

असं तो म्हणला! ज्यानं त्या नोकरीसाठी इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री माझ्याकडनं शर्ट तीनदा इस्त्री करून घेतला, तो. प्रगती माझ्या कानाशी आली आन् पुटपुटली, "हा चोर नाही. हा कुणालातरी झाकतोय."

४

"हिंदुराव!" मी म्हणलं. "तात्यांच्या बियावर त्यांचा डोळा हाय, सगळ्या गावाला माहीत हाय."

हिंदुरावांच्या दारात मांडव अजून तसाच, खुर्च्यांचे ढीग, वरनं हळदीचा वास. स्वतः हिंदुराव बनियनवर बसून उरलेली बुंदी खात होते. प्रगतीनं सरळ विचारलं, तात्यांचं बी पाहिजे होतं ना तुम्हाला?

"मागितलं की! धा येळा मागितलं. पाया पडलो. म्हातारा काय म्हणला, खरबूज खा, बी मागू नगा. लेकीचं लग्न झालं माझ्या, पर त्येनं आहेरात फोडी आणल्या. फोडी!"

"मग तुम्ही खोली उघडायचा प्रयत्न केलात?"

बुंदी घशात अडकली. खोकले, पाणी प्याले, आन् मग आमाला शेडकडं घेऊन गेले. शेडच्या पत्र्यावर खडूनं आकडेच आकडे! एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न, गुणिले दोन, गुणिले तीन, खाली खाली सातापर्यंत. आन् शेवटच्या उत्तराभोवती मोठ्ठा गोल.

 सापडला!

"दिग्यानं पंगतीत आकडा सांगितला, म्या पाठ केला," हिंदुराव म्हणाले. "घरी येऊन गुणत बसलो. सातावर आलो आन् बगा, नऊच नऊ! म्हणलं, ह्योच! असला देखणा आकडा सोडून म्हातारा दुसरा कशाला ठिवंल?"

प्रगतीनं तात्यांचा फोन मागवला, तो घेऊन तात्याच आले. जुने मेसेज वर वर सरकवले. साखरपुड्यानंतरचा एक होता, ९९९९९९. एकदाच. तात्या म्हणाले, "ह्यो व्हय? म्या म्हणलं पोरास्नी खेळ केला आसंल!"

"पोरं न्हाय, म्या हुतो," हिंदुराव खाली बघून म्हणाले. "उघडलं न्हाय, तसाच मागं पळालो. आजपतुर मला वाटत हुतं कुलूपच बिघडलंय."

तात्या त्यांच्याकडं बघत राहिले. "हिंद्या, लेका, साठीला आलास."

"तुमीबी म्हातारं झालाव, पर बी देत न्हाय!"

दोघांचं जुंपायच्या आत प्रगतीनं मला ओढलं. "ह्यांचा आकडा वेगळा. ह्यांना अजूनसुद्धा नऊच बरोबर वाटतायत. हे तीन आकडे ह्यांचे नाहीत."

म्हणजे परत दादा. फिरून फिरून दादाच! संध्याकाळी तात्या इंदापूरला पोलीस ठाण्यात जाणार होते, जीपमध्ये डिझेल भरून ठेवलं होतं.

५

आत्यानं जेवायला वाढलं. तसल्या गडबडीतबी तिला कुणी उपाशी गेलेलं चालत न्हाय. पंगत मांडली, तात्या, दादा, आमी दोघी. स्टीलची ताटं, आन् प्रत्येक ताटाच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव. तुमच्या घरीबी असतंय की, कार्याला भांडी शेजारी जात्यात, ती परत आपली आपल्याला मिळावीत म्हणून. माझ्या ताटावर 'चंद्राबाई', प्रगतीच्या ताटावर 'छकुली'. छकुलीताई म्हणजे आत्याची लेक, भिगवणला दिलीय.

प्रगती तात्यांच्या शेजारी. घास तोंडात, आन् नजर तात्यांच्या ताटावर. खालनं कोपर मारलं तरी तिचं ध्यान न्हाय.

"तात्या, तुमच्या ताटावर नाव नाही?"

तात्यांनी हातानं काठ झाकला. लहान पोरागत!

"तात्या," प्रगती म्हणाली, "आकडा आहे ना तिथं?"

तात्यांनी हात बाजूला घेतला. मग तात्या हळूच म्हणाले, "आताशा ध्यानात ऱ्हात न्हाय. बैलाचं नाव इसरतो. परवा आंघोळीला दोनदा गेलो. तवा म्हणलं, आकडा इसरलो तर बी आतच ऱ्हाईल. भांडीवाल्याला सांगितलं, काठानं गोल घाल, मधी सारखी जागा सोड. कुणाला कळंल कुठनं सुरू हाय त्ये? आन् भांड्यावरचं कोण वाचतंय!"

"वाचलं कुणीतरी," प्रगती म्हणाली.

तिनं ते ताट हातात घेतलं, भाजी-भाकरीसकट. काठावर कंपनीचा छाप होता, छोटा. छापाच्या शेजारी पहिला आकडा दोन. मग गोल आठ, पाच, सात, एक, चार आन् परत छाप.

"गणित येणारा माणूस, म्हणजे दादा, आधी एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्नच दाबणार. मूळ आकडा तोच. तो तर दाबलेलाच नाही. मग दुप्पट, तिप्पट, असं ओळीनं जाणार. इथं काय झालंय? दोन पट, सहा पट, चार पट, पाच पट. गुणाकार करणारा असल्या उड्या मारेल का?"

"मुद्दाम मारल्या आसतील!" तात्या म्हणाले. "आमाला फसवायला."

"चौथ्याला भोंगा वाजतोय आणि माणूस नाटक करत बसेल? तात्या, आता छापापासून वाचा."

तात्यांनी वाचलं. दोन, आठ, पाच, सात, एक, चार.

"हा पहिला चुकलेला आकडा. आता ताट एक घर फिरवा."

त्यांनी फिरवलं. आठपासनं. दुसरा. अजून एक घर, पाचपासनं, तिसरा. अजून एक घर.

सात. आन् कुलूप उघडलं.

मला ओरडावंसं वाटत होतं! गुणाकार कुणी केलाच नव्हता. कुणीतरी नुसतं ताट फिरवलं होतं!

"ज्यानं कुलूप उघडलं त्याला गणितातलं काही माहीत नव्हतं," प्रगती म्हणाली. "त्यानं काठ वाचला होता. आत्या, हे ताट घराबाहेर गेलं होतं का?"

आत्या चुलीपाशी उभी. तव्यावरची भाकरी करपायला लागलेली. तिला बोलायचं नव्हतं, दिसत होतं. पण तात्याच म्हणाले, "गेलं हुतं की. साखरपुड्याला हिनं गठ्ठ्यानं ताटं दिली, त्यात माजंबी दिलं. चार दिस म्या परातीत जेवलो!"

"परत आलेली ताटं कुणी निवडली?"

 दादानं हात धुऊन टाकला, अर्ध्या जेवणावर.

आत्याच्या तोंडनं शब्द आपोआप आले. "अंगणात बसून नावं वाचून ढीग लावलं तिनं. मला वरडून म्हणली, आई, ह्या ताटावर नाव न्हाय, नुसतं आकडं हायती, कुणाचं गं? म्या म्हणलं, तुज्या बापाचं."

तात्यांनी ताट खाली ठेवलं. बोटानं काठ धरून परत एकदा फिरवलं, सावकाश.

"म्हणून मूठ ठिवली," ते म्हणाले. "ह्या घरात बियाचा डबा कवा रिकामा करत न्हायती. म्याच शिकवलंय तिला. परका सगळं न्हेतो."

"तात्या, म्या बघितलंतं तिला," दादा म्हणला. "हळदीतनं ती उठून गेली म्हणून मागनं आलो, तर मागल्या दारानं, पदराखाली पिशवी. मला बघून नुसती उभी ऱ्हायली. म्या तोंड फिरवलं. ऱ्हाऊ द्या आता, तात्या. माझ्यावरच ऱ्हाऊ द्या. मला दुसरी नोकरी मिळंल, तिला दुसरं माहेर कुठनं मिळायचं?"

तात्या उठले आन् खुंटीवरची जीपची चावी घेतली.

६

इंदापूरला न्हाय, जीप भिगवणच्या रस्त्याला लागली. मी, प्रगती, दादा मागं. आत्या पुढं, सारखी म्हणत होती, "हात उचलायचा न्हाय, सांगून ठिवते." तात्यांची नजर रस्त्यावर. मला वाटत होतं, रस्ता संपूच नये. आन् असंबी वाटत होतं, कधी एकदा पोचतोय! दादाला सोडवायला निघालो आन् ताईला पकडायला चाललो. ह्याला काय म्हणायचं?

उजनीचं पाणी मागं सरकलं की भिगवणला धरणाकाठी गाळाची जमीन उघडी पडते, माहीत हाय ना? तिथं वेलवर्गीय पिकं अशी येतात की बघत राहावं. छकुलीताई तिथंच होती, पदर खोचून, खुरप्यानं आळी करत. आमाला बघितलं आन् उभी राहिली. पळाली न्हाय, लपली न्हाय.

"आलाव व्हय," ती म्हणाली. "मला वाटलं काल येताल."

"चोरी केलीस," तात्या म्हणाले.

"मागितलं तवा दिलं असतं तर केली नसती."

"बी बाहेर जात न्हाय आपलं! तुला दिलं म्हंजी तुज्या सासरला गेलं, तितनं भावकीत, तितनं बाजारात. वाण ऱ्हातोय का मंग आपला?"

"आपला? तात्या, परका पराग लागू नगं म्हणून सांजच्याला मादी फुलाला कागदाची टोपी कोण घालत हुतं? पहाटं उठून नर फूल कोण चोळत हुतं? शाळंच्या आधी! माज्या हाताला त्यो पिवळा वास असायचा, पोरी हसायच्या मला. कुठल्या वेलाचं फळ बियाला धरायचं ते तुमी मला इचारत हुता, 'छकुले, ह्यो का त्यो?' आन् लगीन झालं तर मी परकी?"

"तसं न्हाय त्ये..."

"मग कसं? लेक दिलीव की बाहेर, हसत हसत. तिचा वाण ऱ्हायला का तुमच्याकडं? लेक देताना वाईट वाटलं न्हाय, आन् बी देताना वाटतंय!"

आत्या पदर तोंडाला लावून खाली बसली. लांब पाण्यात कसले तरी पक्षी ओरडत होते. तात्या नुसते उभे. त्यांनी पायाखालचा गाळ उचलला, मुठीत दाबला, सोडला. बघत राहिले त्याच्याकडं.

"ताई," मी म्हणलं, मला ऱ्हावलंच न्हाय, "आळ दादावर आलाय. परवा नोकरी जातीय त्याची."

हे तिला माहीत नव्हतं गं!  "दिग्या? का रं? तू मला बघितलं हुतंस, मग सांगायचं न्हाय?"

दादा हसला नुसता.

"साहेबाचा नंबर लावा," ताई तात्यांना म्हणाली. "आत्ता लावा. मी सांगते, चोरी म्या केली. दिग्याचा काय संबंध न्हाय."

आन् तात्यांनी फोन काढला. त्यांचा फोन कायम मोठ्या आवाजातच असतो, सगळ्यांना ऐकू येतो. ताईनं हात पुढं केला. त्यांनी तिच्या हातात दिला न्हाय.

"हॅलो. साहेब, मी निरवांगीचा महिपती. सकाळच्याला बोललो हुतो बियाचं."

"हां, बोला काका. सापडला का चोर?"

 मला वाटलं, आता एकाचं नाव जाणार. ताईचं न्हायतर दादाचं. तिसरं काय असणार?

"चोरी झालीच न्हाय, साहेब. बी म्या लेकीला दिलं हुतं. माज्याच हातानं. दिलं, आन् इसरलो."

"विसरलात? अहो काका, विसरलात काय! पोराचं आयुष्य बरबाद झालं असतं की!"

तात्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हा माणूस आख्ख्या पंचक्रोशीत कुणाचं ऐकून घेत न्हाय. बैलाचं नाव विसरलं ते त्यांनी आत्यालासुद्धा सांगितलं नव्हतं, आज ताटावरनं कळलं.

"व्हय, साहेब. वय झालं. इसरतो मी आताशा. माजी चूक हाय, पोराला काय बोलू नगा. गुणाचं पोर हाय."

"बरं बरं. सोमवारी पाठवा त्याला. आणि काका, डॉक्टरला दाखवा एकदा."

"दावतो," तात्या म्हणाले आन् फोन बंद केला.

कुणी कुणाकडं बघंना. प्रगती, जिनं सगळा गुंता सोडवला ती, नाक पुसत होती आन् मला म्हणत होती, डोळ्यात गाळ गेला. दादा तर पाठ करून उभा.

ताई म्हणाली, "तात्या, तुमी मला..."

"रडू नगंस," तात्या एकदम खेकसले. "दिवस कलला, उरलेलं कवा पेरणार हायेस? वाफसा जातोय, माती सुकंल. आन् आळी ही असली? हितं पाणी तुंबंल की! सरक, मला दे त्ये खुरपं."

त्यांनी खुरप्याला हात घातला. ताईनं सोडलं न्हाय.

"तुमी बांधावर बसा, तात्या. हितलं पाणी मला ठावं हाय, हितलं मी बघते."

आन् बसले की गं तात्या! त्या उन्हात, बांधावर, गप! आमाला कुणालाच खरं वाटंना. ताईनं दोन आळी केली असतील, तर तिकडनं आवाज आला, "छकुले... ह्यो कोपरा पेरू का, मोकळा ठिवायचा?"

"मोकळा ठिवायचा," ताई म्हणाली.

"बरं," तात्या म्हणाले.